समुद्रापलीकडील पहिली नोकरी आणि आपली ज्ञाती

आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात परदेशी नोकरीस निघालेल्या पदवीधर मुलामुलींस शाल व श्रीफळ देऊन निरोप देण्याचा प्रघात गेली काही वर्षे पडला आहे. प्रघात उत्तम आहे. टाळ्या होतात, आईबापांचे डोळे भरून येतात, छायाचित्र निघते आणि मुलगा विमानात बसतो. परंतु ज्या ज्ञातिसभेच्या व्यासपीठावरून आज ही शाल दिली जाते, तशाच ज्ञातिसभांच्या बैठकीतून एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकण्याचे हुकूम सुटत होते, याची आठवण फार थोड्यांस असेल. संपादक मंडळाने आम्हांस यंदा ‘काही इतिहासविषयक’ लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आमच्या मनाने घेतले. त्याचे दुसरेही एक कारण आहे. ते ओघाने पुढे येईल.

काळाचौकीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस समुद्र परका नाही. आपल्या चाळींपासून पूर्वेस थोडे चालत गेले की रेल्वेचे रूळ लागतात, आणि रुळांपलीकडे बंदराची जमीन. कॉटन ग्रीनची कापसाची गोदामे आपण सर्वांनी पाहिली आहेत. देशावरचा कापूस तेथे येई. काही बोटींतून परमुलखास जाई, काही गिरण्यांत जाई. इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक २ व ३ च्या गिरण्या तर आपल्या दारातच होत्या. आपल्या वाडवडिलांनी गावाकडून निघून पहिली नोकरी धरली ती या गिरण्यांत किंवा गोदीत. घाट उतरून मुंबईस येणे हेच त्यांचे परदेशगमन होते. कापसाच्या गासड्या समुद्रापार गेल्या. त्या उचलणारा माणूस मात्र काठावरच राहिला. त्याच्या नातवाने हा काठ कसा ओलांडला, हे पाहण्यासाठी वाटेत कोणकोणती दारे होती ते क्रमाने पाहिले पाहिजे.

पहिले दार ज्ञातीचे. समुद्रगमन निषिद्ध मानणारी समजूत एकोणिसाव्या शतकात उच्च म्हणविणाऱ्या अनेक ज्ञातींत बळकट होती. बोटीवर सोवळे राहत नाही, परक्यांच्या पंक्तीस बसावे लागते, तेव्हा गेलेला माणूस बाटला, असा हिशेब असे. कल्याणच्या माहेरवाशीण आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा टीकेचा भडिमार इतका झाला की त्यांस श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून आपल्या जाण्याची कारणे सांगावी लागली. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा आपला निश्चय त्यांनी तेथे बोलून दाखविला. १८८६ साली त्या पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. पहिली नोकरी स्वदेशीच करावयाची, असा त्यांचा संकल्प. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय वर्षे एकवीस.

आनंदीबाईंच्या पाठोपाठ, १८८८ साली, मुंबईतच एक प्रसंग घडला. अठरा वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जाण्यास मुंबईत येऊन थांबला होता. त्याच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीचे शेटजी त्या मुलाच्या वडिलांस ओळखणारे, नात्याचेही होते. त्यांनी त्यास समोर बोलावून विचार बदलण्यास सांगितले. मुलगा ऐकेना. तेव्हा सभेने हुकूम केला की हा मुलगा आजपासून ज्ञातीबाहेर समजावा, आणि जो कोणी त्यास साहाय्य करील किंवा धक्क्यावर पोचविण्यास जाईल त्यास एक रुपया चार आणे दंड व्हावा. वाटखर्चाचे पैसे ज्या मेहुण्याजवळ ठेवलेले होते त्याने ज्ञातीच्या भयाने ते देण्याचे नाकारले; एका स्नेह्याकडून उसने घेऊन मुलगा ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोटीवर चढला. तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

इथपर्यंतची हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. पुढची आमच्यासारख्या शाळामास्तरास अधिक जवळची वाटते. १८९१ साली बॅरिस्टर होऊन गांधी परतले. वडील बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घडविले, राजकोटास ज्ञातीस जेवण घातले. ज्ञातीच्या एका तडाने त्यांस पदरात घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. वकिली करण्यास ते मुंबईस आले. स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना; फी परत देऊन ते बाहेर पडले. मग त्यांनी मुंबईतील एका नामांकित हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. रोज एक तास शिकवावयाचे, वेतन पंचाहत्तर रुपये. लंडनची मॅट्रिक परीक्षा ते लॅटिन घेऊन उत्तीर्ण झालेले. तरी पदवीधर नाहीत म्हणून जागा नाकारली गेली. आम्ही स्वतः मॅट्रिक. पदवी नाही म्हणून मुख्याध्यापकाच्या खोलीतून परत फिरणे म्हणजे काय, ते आम्हांस सांगावे लागत नाही.

अशा स्थितीत १८९३ साली त्यांस दक्षिण आफ्रिकेतून बोलावणे आले. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा एक मोठा दावा चालू होता. त्यात पेढीच्या वकिलांस साहाय्य करावयाचे. करार असा: मुदत फार तर एक वर्ष, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे पेढीने द्यावयाचे, राहण्याजेवण्याचा खर्च पेढीचा, आणि वर हातात १०५ पौंड. हे बॅरिस्टराचे जाणे नव्हे, पेढीच्या चाकराचे जाणे आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. तरी एप्रिल १८९३ मध्ये ते मुंबईहून निघाले. एका वर्षाची नोकरी एकवीस वर्षांपर्यंत लांबली, आणि ९ जानेवारी १९१५ रोजी अपोलो बंदरावर उतरले ते निराळेच गांधी होते.

या थोर चरित्रातील एक लहानशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे. करार चार ओळींचा होता; पण त्यात मुदत होती, वेतन होते, राहण्याजेवण्याची सोय होती आणि परतीचे भाडे होते. जाणारा माणूस आपण काय होऊन जात आहोत हे जाणून गेला.

ज्ञातीचे दार पुढे हळूहळू मोडकळीस आले. प्रायश्चित्ताचे रूपांतर उपचारात झाले आणि उपचारही विरून गेला. परंतु एक दार उघडते तोच दुसरे उभे राहिले. गांधींस १८८८ साली पासपोर्ट लागला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर जगभर हे पुस्तक सक्तीचे होत गेले. आपल्याकडे १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. १९२२ च्या परदेशगमनाच्या कायद्याने मजुरांच्या बाहेर जाण्यावर शासनाचे नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट मिळणे हा नागरिकाचा हक्क नव्हता. देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून कायद्याच्या आधाराविना तो हिरावून घेता येणार नाही. त्याच वर्षी संसदेने पासपोर्टाचा नवा कायदा केला. ज्या काठावरून आपले आजोबा गासड्या चढवीत होते, तेथून बाहेर पडण्याचा हक्क नातवास न्यायालयाने दिला, तो असा.

तिसरे दार परक्या देशाचे. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांस प्रवेशबंदी केली होती. १९४६ साली ती सैल झाली, ती एवढीच की भारतीयांस वर्षाकाठी शंभर जागा मिळाल्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याने देशवार भेदाची जुनी पद्धत काढून टाकली, पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशास वर्षास २०,००० पर्यंतची मर्यादा ठेवली आणि शिकलेल्या, कसबी माणसांस अग्रक्रम दिला. ब्रिटनने याच्या उलट केले: तेथे राष्ट्रकुलातील नागरिकांस मुक्तद्वार होते, ते १९६२ च्या कायद्याने आवळले, पण डॉक्टरांची गरज असल्याने त्यांची वाट चालूच राहिली.

याचा परिणाम आपल्या परिसरास लगेच जाणवला. परळचे सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि माटुंग्याची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्था आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांतून पदवी घेऊन निघालेले कितीतरी तरुण पहिल्या नोकरीसाठी विलायतेस आणि अमेरिकेस गेले. देशात परकीय चलनाची टंचाई. बरोबर नेण्यास मिळत ते अवघे आठ डॉलर. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. तेव्हा आठ डॉलर म्हणजे साठ रुपये. एवढ्या पुंजीवर त्या पिढीने परमुलखात पाय रोवले, आणि पाय रोवताच पहिले काम केले ते आपल्या माणसांस एकत्र करण्याचे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे होतेच. शिकागोचे १९६९ साली निघाले. १९८१ साली उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. घरच्या मंडळींची सोबत सुटली म्हणून त्यांनी तेथे नवी सोबत उभी केली.

परंतु काळाचौकीच्या चाळीतील मुलाची वाट बहुधा अमेरिकेकडे जात नसे. तिची दिशा आखाताची. आखात आपल्यास तसे जुने. भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी खास रुपया काढला होता आणि दुबईत १९६६ पर्यंत तो चालत असे. १९७३ मध्ये तेलाच्या किमती चढल्या, तेथे बांधकामे निघाली आणि माणसांची मागणी वाढली. इकडे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आम्ही तेव्हा काळाचौकीतील एका शाळेत नुकतेच शिक्षक म्हणून लागलो होतो. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे वडील संपात. हजेरी घेताना मुलांचे चेहरे पाहून कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, ते कळे. त्या मुलांपुढे गिरणीचा भोंगा हे भवितव्य उरले नाही. शिकावे, पदवी घ्यावी आणि बाहेर जावे, असे आम्हीच त्यांस सांगत होतो.

१९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतले आणि अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनी मुंबईस आणावे लागले. तेव्हा आपल्या काही घरांनी रेडिओसमोर रात्री काढल्या. तरीही लोंढा थांबला नाही.

आता जे दुसरे कारण म्हणालो, ते सांगतो. आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील गिरणीत, संपानंतर ते भाजीची हातगाडी लावीत. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला, घराण्यातील पहिला. १९९२ साली एका दलालामार्फत त्यास आखातातील एका शहरी हिशेबनिसाची जागा मिळाली. दलालास देण्यासाठी आईची बोरमाळ व पाटल्या गहाण पडल्या. एके संध्याकाळी बापलेक करारपत्र घेऊन आमच्याकडे आले. पत्र इंग्रजीत व अरबीत होते. शेजारीपाजारी दारात उभे. आम्ही चष्मा लावून मोठ्या आवाजात इंग्रजी मजकूर वाचला आणि मराठीत सांगितला. पदाचे नाव ठीक, वेतन ठीक, मुदत दोन वर्षे. एका कलमात असे होते की मालक सांगेल ते अन्य कामही नोकराने करावे. अशी वाक्ये सगळ्याच कागदांत असतात, असे मनाशी म्हणून आम्ही पुढे गेलो. परतीच्या भाड्याचे कलम त्यात नव्हते. जे नाही ते आमच्या नजरेस आले नाही. “काळजी नको, सही कर,” असे आम्ही बोललो, आणि मास्तर म्हणाले म्हणून त्याने सही केली.

तिकडे गेल्यावर त्यास हिशेबाच्या वह्या दिसल्या नाहीत. गोदामात खोकी चढविणे-उतरविणे हे काम. पासपोर्ट मालकाकडे. मुदतीपूर्वी परत येणे तर भाडे स्वतःचे, आणि वेतनातून घरी पाठविलेले पैसे सावकाराच्या व्याजातच जात. त्याच्या आजोबांनी बंदरावर जे काम केले तेच नातू पदवी घेऊन समुद्रापलीकडे दोन वर्षे करीत होता. १९९४ साली तो परतला. बोरमाळ सुटली नाही. पुढे त्याने येथेच नोकरी धरली, संसार केला, मुले शिकविली. रस्त्यात भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. त्याने आम्हांस एका शब्दानेही कधी दोष दिला नाही; म्हणूनच तो दोष आम्हांस विसरता येत नाही.

या प्रकरणात कायदा कोठे होता, असे कोणी विचारील. कायदा होता. १९८३ साली परदेशगमनाचा नवा कायदा झालेला होता. मजूर म्हणून ठराविक देशांत जाणाऱ्याचे करारपत्र तपासण्यासाठी मुंबईत सरकारी अधिकारी असे, ज्यास प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स म्हणतात. परंतु पदवीधरास या तपासणीतून सूट होती. तो शिकलेला, आपले हित जाणणारा, असे कायद्याने गृहीत धरले. पुढे ही सूट दहावी उत्तीर्णांपर्यंत आली. सूट म्हणजे सोय खरीच. रांगेत उभे राहणे वाचते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की अशिक्षिताचा कागद निदान एक अधिकारी पाहतो, आणि आमच्या विद्यार्थ्याचा कागद पाहणारा जगात एकच माणूस होता: त्याचा मॅट्रिक झालेला मास्तर. शाळेच्या दाखल्याने त्यास दार उघडून दिले आणि त्याच दाखल्याने दारावरचा पहारेकरी काढून घेतला.

आमच्या मते या इतिहासाचे सार एवढेच आहे. ज्ञातीने दार अडविले तेव्हा तिचा अन्याय झाला. पण अडविणारी ज्ञाती निदान दारापाशी हजर होती. ते दार मोडले हे योग्यच झाले. मात्र दार मोडल्यावर ज्ञाती घरी निघून गेली. आज ती संमेलनात शाल देण्यापुरती येते. मुलगा कोणत्या कागदावर सही करून चालला आहे, तेथे त्याला ओळखणारे कोण आहे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांस रात्री डॉक्टराकडे कोण नेणार, हे विचारणारे कोणी नसते.

पुढच्या काळात ही गरज वाढणार आहे. आता मुलीही परिचारिका, अभियंता म्हणून एकट्या निघतात, हे आनंदाचे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. आपल्या वसाहतींतील मुले आता जर्मन भाषा शिकत आहेत. नव्या देशाबरोबर नवे कागद येतील, नवी भाषा येईल आणि नवे दलालही येतील.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवीत आहोत. एक: परदेशी नोकरी करून आलेल्या किंवा करीत असलेल्या ज्ञातिबांधवांची नोंदवही ठेवावी, म्हणजे नव्याने जाणाऱ्यास त्या शहरातील एक तरी आपले माणूस सांगता येईल. दोन: आपल्यातील वकील, हिशेबनीस आणि परदेशाचा अनुभव असलेले गृहस्थ अशा तिघांनी महिन्यातून एक संध्याकाळ बसून करारपत्रे वाचावी. वेतन काय लिहिले आहे याहून काय लिहिलेले नाही, हे पाहावे: परतीचे भाडे, राहण्याची सोय, कामाचे खरे स्वरूप, पासपोर्ट कोणाजवळ राहणार. दलाल सरकारी नोंदणीतला आहे की नाही हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदणीकृत दलालास ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेण्यास नियमाने मनाई आहे, हे किती पालकांस ठाऊक आहे? तीन: फसून परतणाऱ्यासाठी लहानसा निधी असावा आणि त्याचे नाव गुप्त ठेवावे. यशस्वी होऊन येणाऱ्यास आपण हार घालतो. हरून येणारा मात्र मागच्या जिन्याने घरात शिरतो. त्यासही पुढच्या दाराने आणले पाहिजे.

निधीविषयी एक विचार सुचतो. १८८८ साली मुंबईच्या त्या ज्ञातिसभेने निरोप देणाऱ्यास एक रुपया चार आणे दंड ठरविला. एक रुपया चार आणे म्हणजे सव्वा रुपया. देवापुढे, शुभकार्याच्या आरंभी आपण जो ठेवतो तोच हा आकडा. निरोपाचा दंड आणि शुभाचा विडा यांची रक्कम एकच निघावी, हा योग पाहण्यासारखा आहे. पावली २०११ साली चलनातून गेली, तेव्हा सव्वा रुपया आता देता येणार नाही. परंतु प्रत्येक कुटुंबाने वर्षास सव्वाशे रुपये या निधीत घातले तर ते कोणास जड जाऊ नये. तो दंड होता, पोचवावयास गेल्याबद्दल. हे देणे आपण पोचवावयास गेलो नाही त्याबद्दलचे समजावे.

करारपत्रे वाचण्याची बैठक मंडळाने मान्य केल्यास आम्हांसही तेथे एका कोपऱ्यात जागा मिळावी, अशी प्रार्थना आहे. इंग्रजी वाचण्याचे काम अधिक शिकलेल्यांनी करावे. कागदात जे नाही ते विचारण्याचे काम आम्ही करू. त्याचा धडा आम्ही एकदा महागात घेतला आहे.

यंदा परदेशी निघणाऱ्या सर्व मुलामुलींस आमचे अनेक आशीर्वाद. सही करण्यापूर्वी एकदा दाखवून जा, आणि पोचल्यावर पत्र टाका. इति.